सार्डिनियाचे किनारे: आधी वारा बघा, मग समुद्र गाठा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील आठ रात्रींसाठी इटलीतल्या सार्डिनिया बेटावर जायचं म्हणताहेत. मे महिन्याची सुट्टी की सप्टेंबर, हे अजून ठरलेलं नाही. सगळ्यात सुंदर किनारे कोणते, एवढ्या दिवसांत बेटाची प्रदक्षिणा होईल का, गाडी घ्यावी का आणि शाकाहारी आईच्या जेवणाचं काय, हे त्यांना हवं आहे. सोबत त्यांनी गोळा केलेली किनाऱ्यांची लांबलचक यादीही आहे.

मी इटलीत राहतो. मराठी कुटुंबांच्या या बेटावरच्या सहली आखायच्या आणि जमेल तेव्हा त्यांच्याबरोबर हिंडायचं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. म्हणून आधी यादीबद्दल बोलतो. यादीत एकही वाईट किनारा नाही. पण कोणत्या तारखेला कुठला किनारा हे पुण्यातच ठरवून निघालात, तर निम्मे दिवस चुकीच्या जागी जातील. सार्डिनियात किनारा त्या दिवशी सकाळी ठरवायचा असतो, आणि तो ठरतो वाऱ्यावर.

आपल्याकडे समुद्रावर जायचं म्हटलं की भरती-ओहोटीची वेळ आधी विचारतात. ते बरोबरच आहे. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तेव्हा एका वेळी दिसलेला किनारा सहा तासांनी उरलेलाच नसतो. सार्डिनियाभोवती मात्र भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो. सकाळी आठला जिथे सतरंजी टाकाल तिथे संध्याकाळी सहालाही कोरडे असाल. बदलतं ते पाण्याचं रूप, आणि ते एका दिवसात ओळखू येणार नाही इतकं बदलतं. काल ज्या खाडीत तळाचे खडे मोजता येत होते, तिथे आज लाटा फुटत असतात, वाळू उडून डोळ्यांत जाते आणि जीवरक्षकाने लाल बावटा लावलेला असतो.

मुख्य वारा माएस्त्राले. तो वायव्येकडून येतो. फ्रान्सच्या दक्षिणेकडून समुद्र ओलांडून येईपर्यंत त्याला अडवायला काही नसतं, त्यामुळे बेटाचा पश्चिम किनारा आणि उत्तरेची सामुद्रधुनी तो झोडपून काढतो. एकदा सुरू झाला की सहसा दोन-तीन दिवस राहतो. पण बेटाच्या मध्यभागी डोंगर आहेत. त्यांच्या पलीकडचा पूर्व किनारा आणि दक्षिणेचे बरेच किनारे त्याच दिवशी शांत असतात. दुसरा वारा शिरोक्को, आग्नेयेकडून, आफ्रिकेवरून येणारा, उबदार आणि दमट. तो आला की उलटं होतं: पूर्व आणि दक्षिण बाजू खवळते, पश्चिमेला पाणी निवांत. ईशान्येचा ग्रेकाले आणि नैऋत्येचा लिबेच्चो हेही आहेत, पण तुमच्या कामाला पहिले दोन समजले तरी पुरे.

रोज रात्री झोपण्यापूर्वी फोनवर विंडी किंवा तसलंच कुठलंही वाऱ्याचं ॲप उघडा आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतली दिशा आणि वेग बघा. दहा नॉट्सपर्यंत कुठेही जा. पंधराच्या पुढे दिशा पाहिल्याशिवाय निघू नका. वायव्येचा असेल तर पूर्वेला, आग्नेयेचा असेल तर पश्चिमेला. एवढं केलं तरी तुम्ही तिथल्या बहुतेक पाहुण्यांपेक्षा चांगले दिवस काढाल.

हे पटलं तर प्रदक्षिणेचा प्रश्न आपोआप सुटतो. सार्डिनिया हे भूमध्य समुद्रातलं सिसिलीखालोखाल दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. क्षेत्रफळ २४,००० चौरस किलोमीटरच्या आसपास, उत्तर-दक्षिण लांबी २७० किलोमीटर, आणि किनारपट्टी १,८०० किलोमीटरहून जास्त. दर दोन रात्रींनी मुक्काम हलवत फिरलात तर वाऱ्याप्रमाणे बाजू बदलायची सोयच राहत नाही. जिथे असाल तिथे जो वारा असेल तो सोसावा लागतो. आई-वडिलांना दर दोन दिवसांनी बॅगा बांधायला लावणं वेगळंच. माझा सल्ला: पाच रात्री दक्षिणेला काल्यारी शहरात किंवा शहराला लागून, आणि तीन रात्री पूर्वेला ओल्यास्त्रा भागात. उत्तर या खेपेला सोडा.

काल्यारी का, ते सांगतो. या एका शहरातून तिन्ही दिशांचे किनारे आवाक्यात येतात. पूर्वेला विल्लासिमियुस सुमारे पन्नास किलोमीटर, नैऋत्येला किआ साधारण तेवढंच, आणि वायव्येला सिनिसचा किनारा दोन तासांच्या आत. शिवाय विल्लासिमियुसला कापो कार्बोनारा नावाचं भूशिर समुद्रात घुसलेलं आहे, त्याच्या दोन्ही अंगांना किनारे आहेत. माएस्त्राले असेल तर पूर्वेकडच्या सिमियुस किंवा पोर्तो जुंकोला जायचं, किंवा आणखी वर कोस्ता रेईच्या लांबलचक वाळूवर. शिरोक्को असेल तर पश्चिम अंगाला कांपुलोंगुला. गाडीने दहा मिनिटांचा फरक, आणि समुद्र दोन वेगळ्या देशांतला वाटावा इतका निराळा. पोर्तो जुंकोच्या वाळूमागे खाऱ्या पाण्याचं तळं आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला तळं, मध्ये पांढरी वाळू. शेजारच्या टेकडीवर जुना पहारा-बुरूज आहे. तिथून हे सगळं एका नजरेत दिसतं. चढ छोटा आहे, पण वडिलांचे गुडघे विचारून मगच चढा.

किआच्या बाजूला सु जुदेऊ हा किनारा लहान मुलांसाठी मला सगळ्यात आवडतो. पाणी बरंच आतपर्यंत कमरेच्या खाली असतं, तळ वाळूचा, मागे टेकड्या आणि ज्युनिपरची वेडीवाकडी झुडपं. त्याच रस्त्याने पुढे तुएर्रेद्दाची खाडी येते. समोर एक छोटंसं बेट, खाडी अर्धगोल, पाण्याचा रंग असा की फोटोत खोटा वाटावा. ती खाडी लहान आहे, म्हणून उन्हाळ्यात तिथे एका वेळी सुमारे ११०० माणसांची मर्यादा ठरवलेली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उशिरा पोचलात तर रांगेत उभं राहावं लागेल.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण मुलगी दहा वर्षांची आहे. माएस्त्रालेच्या दिवशी दक्षिणेचे हे किनारे आरशासारखे शांत दिसतात, कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. आपल्याकडे ज्याला मतलई वारा म्हणतात, त्याच दिशेचा, फक्त कितीतरी जोराचा आणि दिवसभर टिकणारा. लाट नसते म्हणून आईबाप निर्धास्त असतात, आणि हवा भरलेल्या गादीवर किंवा रबरी फ्लेमिंगोवर बसलेलं मूल बघता बघता खोल पाण्यावर जातं. पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही ती गादी पकडता येत नाही. अशा दिवशी हवेची कुठलीच खेळणी पाण्यात नेऊ नका. मुलगी पोहत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहू दे. गादी निसटली तर जाऊ द्या, मागे जाऊ नका. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५३० आहे, आणि सर्वसाधारण आणीबाणीला ११२. बावट्यांचे अर्थ असे: पांढरा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वारा जोराचा आहे, छत्र्या मिटा, लाल म्हणजे पाण्यात जाणं धोक्याचं किंवा जीवरक्षक हजर नाही.

वारा अजिबात नसेल किंवा शिरोक्को असेल तो दिवस पश्चिमेला द्या. सिनिस द्वीपकल्पावर इस आरुतास नावाचा किनारा आहे. त्याची वाळू म्हणजे खरं तर वाळू नव्हेच, स्फटिकाचे जाड, गोटीव दाणे आहेत, पांढरे, गुलाबी, मध्येच हिरवट. समोरच्या माल दि वेंत्रे बेटाच्या ग्रॅनाइटची झीज होऊन समुद्राने ते इथे आणून टाकले. अंगाला चिकटत नाहीत आणि पाणी गढूळ करत नाहीत. मात्र इथे पाणी पटकन खोल होतं, मुलीला काठावरच ठेवा. वडिलांना जुन्या गोष्टींची आवड असेल तर जवळच तार्रोसचे अवशेष आहेत: फिनिशियन लोकांनी वसवलेलं, पुढे रोमनांनी वाढवलेलं बंदर, थेट समुद्राच्या कडेला. दुपारी उन्हात नको, चारनंतर जा.

आणि काल्यारीचा स्वतःचा पोएत्तो. यादीवाले त्याला शहरी म्हणून टाळतात. तुमच्या आई-वडिलांसाठी तोच सर्वांत सोयीचा आहे. सुमारे आठ किलोमीटर लांब, शहरातून बसने जाता येतं, फरसबंद फिरायचा रस्ता, बाकं, स्वच्छतागृह, कॉफीच्या टपऱ्या. मागे मोलेन्तार्जुसची जुनी मिठागरं, आणि त्यांत रोहित पक्ष्यांचे थवे. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या दोन जातींपैकी मोठा रोहित तो हाच. तुम्ही तिघं एखाद्या दिवशी दूर गेलात तर आई-वडील इथे स्वतःच्या स्वतः दिवस घालवू शकतात. कुणी नऊवारी नेसून बसलं आहे की अंगभर कपड्यांत पाण्यात उतरलं आहे, याकडे इथे कुणी ढुंकून बघत नाही.

आता ओल्यास्त्रा. मुक्कामाला सांता मारिया नावारेझे हे छोटं बंदराचं गाव घ्या. काल्यारीहून अडीच तास धरा. इथून वर ओरोझेईच्या आखातात चुनखडीचे कडे सरळ समुद्रात उतरतात, आणि त्या कड्यांच्या पायथ्याशी खाड्या आहेत, बहुतेकांना गाडीचा रस्ता नाही. माझ्या मते भूमध्य समुद्रात याला तोड नाही, आणि तुमच्या सहलीतला एक दिवस कशावर खर्च करायचा असेल तर तो यावर करा. पूर्वाभिमुख असल्याने माएस्त्रालेपासून आडोसा आहे. शिरोक्को किंवा पूर्वेचा वारा असेल तर बोटी सुटतच नाहीत. म्हणून तीन रात्री सांगितल्या. एक दिवस वाऱ्याने खाल्ला तरी दोन उरतात.

यात सगळ्यात नावाजलेली काला गोलोरित्झे. १९६२ मध्ये दरड कोसळून ही खाडी तयार झाली, वर चुनखडीचा १४३ मीटर उंचीचा सुळका उभा आहे. तिला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. इथे बोटीला काठाला लागायची परवानगी नाही. गोल्गोच्या पठारावरून पायवाटेने उतरायचं, साधारण साडेतीन किलोमीटर, उतार साडेचारशे मीटरहून जास्त. उतरताना तासभर, चढताना दीड ते दोन तास, आणि परतीची चढण भर उन्हात. दिवसाला २५० माणसं, आगाऊ आरक्षण आणि शुल्क. तुम्ही दोघं ट्रेकची सवय असलेली असाल, राजगड-तोरणा केलेले असाल, तर जा. सकाळी सातला निघा, माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि चांगले बूट घ्या. दहा वर्षांची मुलगी उतरेल आनंदाने, चढताना तिचं काय होईल ते तुम्ही तिला ओळखता म्हणून तुम्हीच ठरवा. आई-वडिलांना नेऊ नका. त्यांना ही खाडी बोटीतून, समुद्राकडून दाखवा. सुळका खरं तर तिथूनच जास्त चांगला दिसतो.

बोट घ्यायची ती चालकासह घ्या. मोटारीची रबरी होडी स्वतः चालवायला भाड्याने मिळते आणि तरुणांना त्याचा मोह होतो, पण तुमच्या मंडळींसाठी मोठी, छताची बोट हवी, जी काला मारिओलू आणि काला लुना अशा दोन-तीन ठिकाणी थांबते. मारिओलूला वाळू कमी आणि पांढरे-गुलाबी गोटे जास्त. पाणी इतकं नितळ की मासे वरूनच दिसतात. तिथेही दिवसाला ७०० माणसांची मर्यादा आहे, बोटवाल्यांकडे त्यातल्या जागा असतात. उतरताना अरुंद फळीवरून थेट गोट्यांवर पाय ठेवायचा असतो. गुडघे दुखणाऱ्याला ते अवघड जातं. बोटवाल्याला आधीच सांगितलं तर तो हात देतो, पण तोल आपला आपल्यालाच सांभाळावा लागतो. वडिलांना जमणार नसेल तर काला लुना बरी, तिथे वाळूची लांब पट्टी आहे. सगळ्यांनी पाण्यातले रबरी बूट आणा. गोटे पायाला लागतात, खडकांवर समुद्री साळू असतो, आणि वाळूत अधूनमधून काट्याचा ट्राचिना मासा लपलेला असतो. त्याचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदना उतरते.

बोटीच्या दुसऱ्या दिवशी काही करू नका. आर्बाताक्सचे लाल खडक गावापासून जवळ आहेत, संध्याकाळी पाहून या. बाकी वेळ गावच्याच किनाऱ्यावर.

उत्तर सोडा म्हटलं, कारण काल्यारीहून ओल्बिया किंवा स्तिन्तिनो गाठायला तीन तास लागतात, आणि तुमच्या यादीतली निम्मी नावं तिकडची आहेत. त्यातली मुख्य ला पेलोझा. उथळ पाणी, समोर जुना बुरूज, पलीकडे आसिनारा बेट. सुंदर आहे यात वाद नाही. पण उन्हाळ्यात दिवसाला १५०० माणसं, आगाऊ आरक्षण, प्रवेशशुल्क, आणि टॉवेलखाली चटई घालणं सक्तीचं, कारण ओल्या टॉवेलला चिकटून वाळू जाते. सान तेओदोरोच्या काला ब्रांदिन्कीलाही आरक्षण लागतं. ला माद्दालेना द्वीपसमूहातला बुदेल्लीचा गुलाबी किनारा तुमच्या यादीत पहिल्या पाचांत आहे. त्यावर १९९४ पासून पाऊल ठेवायला बंदी आहे. त्याचा गुलाबी रंग मिनियाचिना नावाच्या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांमुळे आलेला. पर्यटक वाळू भरून नेत राहिले आणि रंग फिका पडत गेला. आता तो बोटीतून लांबून पाहायचा.

ईशान्येच्या कोस्ता स्मेराल्दा या किनारपट्टीबद्दल पुण्याच्या माणसाला एक सांगावंसं वाटतं. ओसाड पडलेल्या या किनाऱ्यावर १९६२ मध्ये संस्था उभारून त्याचं श्रीमंतांच्या सुट्टीच्या जागेत रूपांतर केलं ते चौथ्या आगाखानांनी, म्हणजे तेच, ज्यांनी १९६९ मध्ये येरवड्याचा आगाखान पॅलेस भारताला दिला. तिथला एक किनारा आजही त्यांच्यावरून राजपुत्राचा किनारा म्हणून ओळखला जातो. हॉटेलांचे दर ऐकून घाबरायला होतं, पण किनारा कुणाच्या मालकीचा नाही. इटलीत समुद्रकाठची जमीन सरकारी असते. ठेकेदार छत्र्या-खुर्च्यांचं भाडं घेऊ शकतो, पाण्याकाठच्या पट्ट्यातून चालायला तुम्हाला अडवू शकत नाही. बहुतेक ठिकाणी स्वतःची छत्री लावायला मोकळा भागही असतो. दहा-पंधरा युरोची एक छत्री सुपरमार्केटातून घ्या आणि आठवडाभर गाडीत ठेवा. इथल्या वाळूवर झाडाची सावली नसते, आणि वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही.

पाणी एवढं नितळ कसं, हा प्रश्न कोकणातलं पाणी पाहिलेला प्रत्येक जण विचारतो. आपल्या किनाऱ्यावर सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या गाळ आणतात, पाण्यात अन्न भरपूर, म्हणून जीवसृष्टी दाट, म्हणून मासळीही भरपूर आणि पाणी गढूळ. भूमध्य समुद्र त्या मानाने उपाशी आहे. नद्या थोड्या, पोषकद्रव्यं कमी, त्यामुळे प्रकाश खोलवर जातो. त्यात तळाशी पोसिडोनियाची कुरणं आहेत. ते शेवाळ नव्हे, फुलणारी, मुळं धरणारी वनस्पती आहे. ती गाळ धरून ठेवते आणि लाटांचा जोर कमी करते. तिची गळून पडलेली पानं काठावर तपकिरी ढिगाऱ्यांत साचतात. ते ढीग पाहून नाक मुरडू नका. हिवाळ्याच्या वादळात वाळू वाहून जाण्यापासून तेच वाचवतात. जिथे हे ढीग आहेत तिथला समुद्र बहुधा निरोगी असतो.

वाळूबाबत सार्डिनियाचे लोक हळवे आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. २००२ मध्ये पोएत्तोची झिजलेली वाळू भरून काढायला समुद्रतळातून उपसलेली वाळू ओतली, आणि पांढरा मऊ किनारा करडा, भरड झाला. जुन्या लोकांना ते अजून बोचतं. २०१७ च्या प्रादेशिक कायद्याने वाळू, गोटे, शिंपले उचलून नेण्यावर ५०० ते ३,००० युरो दंड आहे. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत किआची सुमारे ४० किलो वाळू सापडली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. विमानतळावर बॅगा तपासतात. मुलीला हे निघण्यापूर्वीच समजावून सांगा. आपल्याकडची मुलं शिंपले वेचतातच. बुटांतली वाळू पार्किंगमध्ये झटका, आणि इस आरुतासचे दाणे तर अजिबात खिशात राहू देऊ नका.

महिना. मे महिन्यात रानफुलं, मोकळे रस्ते, निम्मे दर, पण पाणी १७-१८ अंश. आपल्या २८-२९ अंशांच्या अरबी समुद्राची सवय असलेल्या माणसाचा पाय घोट्यापुढे जात नाही. केवळ पाहायचं आणि चालायचं असेल तर मे उत्तम. पोहायचं असेल तर सप्टेंबर: पाणी २४ अंशांच्या आसपास, उन्हाचा कडाका उतरलेला, आणि इटलीतल्या शाळा सुरू झाल्यावर गर्दी पटकन ओसरते. गणपती कधी आहेत ते बघून तारखा धरा. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडाही चालेल, पावसाची थोडी जोखीम आहे. ऑगस्ट मात्र टाळाच; १५ ऑगस्टच्या आगेमागे अख्खी इटली सुट्टीवर असते.

गाडी हवीच. बसने काल्यारी आणि पोएत्तो जमतं, बाकी वाऱ्यामागे धावायचं तर स्वतःचं वाहन पाहिजे. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, तो निघण्यापूर्वीच काढा. ऑटोमॅटिक गाड्या थोड्या असतात, त्या महिनोनमहिने आधी जातात. पाच माणसं आणि बॅगा म्हणजे स्टेशन वॅगन किंवा त्याहून मोठी. काल्यारीच्या जुन्या वस्तीत कॅमेऱ्याने राखलेले वाहनबंदीचे भाग आहेत, दंड घरपोच येतो. राहायची जागा त्याबाहेर घ्या. निळ्या रेषांत पार्किंगला पैसे, पांढऱ्या रेषांत फुकट, पिवळ्या राखीव. उन्हाळ्यात वाऱ्याच्या दिवशी वणवे लागतात. २०२५ च्या जुलैमध्ये विल्लासिमियुसजवळच्या पुंता मोलेंतिसला आग आली, रस्ता बंद झाला आणि लोकांना समुद्रमार्गे काढावं लागलं. म्हणून अरुंद रस्त्याच्या टोकाला गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा, आणि वाळलेल्या गवतावर कधीच लावू नका.

जेवणाचं एवढं अवघड नाही. ओल्यास्त्राचे कुलुर्जोनेस आईंना नक्की आवडतील: बटाटा, पेकोरिनो चीज आणि पुदिन्याचं सारण, आणि कडेला करंजीला मुरड घालतात तशी नाजूक गुंफण. साध्या टोमॅटोच्या रसात मागवा. पाने काराझाऊ हा कागदासारखा कुरकुरीत भाकरीचा प्रकार पूर्ण शाकाहारी आहे आणि आठवडाभर टिकतो, गाडीत एक पुडा असू द्या. दोन ठिकाणी जपा. पेकोरिनोत बहुधा प्राण्याच्या जठरातून काढलेलं विरजण (रेनेट) असतं, आणि सेआदास या मध घातलेल्या गोड तळणीच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी घालतात. आई त्या बाबतीत कडक असतील तर "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा स्त्रुत्तो" एवढं म्हणा, म्हणजे मांस, मासे, चरबी नको. तुम्ही मासे खात असाल तर काब्रासची बोत्तार्गा चुकवू नका. बोय माशाची गाभोळी मीठ लावून, दाबून, वाळवतात आणि पास्त्यावर किसून घालतात. तिसऱ्या घातलेली फ्रेगोला, म्हणजे रव्याच्या बारीक गोळ्यांचा पास्ता, हीही तशीच जिव्हाळ्याची वाटेल. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीचमध्येच मिळतं, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद, म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. आईंना संध्याकाळी सातला वरणभात मिळाला की सगळ्यांचीच सहल सुखाची होते.

कामं या क्रमाने करा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; सप्टेंबरला जायचं तर मे अखेरीपूर्वी करा, कारण जून-जुलैत भेटीच्या वेळा मिळत नाहीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आई-वडिलांसाठी आधीपासूनच्या आजारांसह घ्या. त्याआधी दोन्ही मुक्काम रद्द करता येतील अशा अटीवर आरक्षित करा, आणि ऑटोमॅटिक गाडी त्याच दिवशी. विमान मुंबईहून रोम किंवा मिलान, तिथून काल्यारी तासा-सव्वा तासाचं. मधला थांबा किमान तीन तासांचा ठेवा. बोट आणि गोलोरित्झे मात्र आधीपासून अडकवून ठेवू नका. सांता मारियाला पोचायच्या दोन-तीन दिवस आधी वाऱ्याचा अंदाज बघा, त्यातला शांत दिवस निवडा आणि तेव्हा पैसे भरा. सप्टेंबरच्या मध्यानंतर जागा सहसा मिळते.